लेक मेली, निमोणे जगली

शालन गेल्याचा फोन आला तेव्हा मी रांजणगावच्या चौकात स्कूटरवर अडकले होते. कंपन्यांची पाळी सुटलेली, पुढे-मागे कामगारांच्या बस, आणि पर्समधला फोन थांबायचं नाव घेत नव्हता. कडेला घेऊन पाहिलं तर शालनचे यजमान. त्यांच्या लग्नापासून मी त्यांना दाजी म्हणत आले. "गेली तुमची मैत्रीण," एवढंच ते म्हणाले आणि मग आम्ही दोघंही नुसते ट्रकचे हॉर्न ऐकत राहिलो. तिथल्याच एका टपरीच्या बाकावर बसून मी रडले. टपरीवाल्यानं न मागता पाणी आणून दिलं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल, या बाईच्या डोळ्यांत टिपूसही आलं नसेल. आलं होतं. अजूनही येतं, पण आता त्यात रागच जास्त असतो.

वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी शालनवर लिहाल का, अशी विचारणा झाली तेव्हा मी लगेच हो म्हटलं होतं. दौंडला तिच्या कॉलेजात शोकसभा झाली होती. सगळे तिच्या साध्या स्वभावाबद्दल, स्वच्छ मनाबद्दल बोलले, मीही बोलले, आणि त्या दिवशी मला जे माहीत होतं त्याप्रमाणे खरंच बोलले. नंतर जे कळलं ते कळूनही तसंच गोडगोड लिहिणं मला जमणार नव्हतं. जमत नाही म्हणून कळवणारच होते. मग वाटलं, गप्प बसायचं काम एकीनं केलंच आहे, दुसरीनंही कशाला करायचं? म्हणून लिहायला बसले.

आम्ही पुण्यात एम.एस्सी.ला एका खोलीत राहायचो. ती शिरूरजवळच्या निमोणे गावची, शेतकऱ्याची मुलगी. घरी कांदा आणि शेवंती. मी शिरूरच्या तांबोळ्यांची शमीम, वडिलांचं विड्याच्या पानांचं दुकान. 'म्हंजी' म्हटल्यावर वर्गात कुणी हसलं की दोघींनाही राग यायचा. मी हळूहळू बोलणं सुधारून घेतलं, शालननं काही घेतलं नाही. प्राध्यापक झाल्यावरही ती वर्गात पुस्तकातलं मराठी बोलायची आणि वर्गाबाहेर पाऊल टाकलं की निमोण्याची व्हायची. मला शिरूरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची नोकरी लागली. तिचं लग्न दौंडला, रेल्वेतल्या माणसाशी झालं आणि तिला तिथल्या कॉलेजात जागा मिळाली. दोघींना वेड एकच, शेवाळाचं. शेवाळ म्हटलं की लोकांना पाय घसरणं आठवतं. आमचं शेवाळ नुसत्या डोळ्यांना दिसायचंही नाही: एकाच पेशीचं, हिरवं, दोन बारीक शेपट्यांनी पाण्यात पोहणारं. पहिलं शालननं माहेरच्या विहिरीजवळच्या, जनावरांच्या पाण्याच्या हौदातून लोणच्याच्या बरणीत भरून आणलं. दुसरं दौंडला रेल्वे क्वार्टरमागच्या डबक्यातलं. एकाचं नाव निमोणे, दुसऱ्याचं दौंड. नावं तिनंच ठेवली, नळ्यांवरच्या चिठ्ठ्याही तिच्याच ठसठशीत अक्षरातल्या.

असं शेवाळ जिवंत ठेवणं म्हणजे विरजण राखण्यासारखं असतं. काचेच्या नळीत आगरचा, म्हणजे जेलीसारखा, घट्ट थर, त्यावर हिरवी रेघ. काही आठवडे झाले की त्यातलं जरासं सुईच्या टोकावर घेऊन नव्या नळीत लावायचं. सुई आधी स्पिरिटच्या दिव्यावर लाल करायची, म्हणजे आधीचं काही चिकटलेलं असेल ते जळून जातं, आणि मग गार होऊ द्यायची, नाहीतर शेवाळच भाजतं. गार व्हायला किती थांबायचं, तर शालन एसटीचे थांबे म्हणायची. "शिरूर, न्हावरा, चौफुला, पाटस, दौंड." दौंड आलं की सुई टेकवायची. मलाही तीच सवय लागली. आणखी एक नियम आम्ही पहिल्यापासून पाळला: दोन्ही शेवाळं दोघींनी ठेवायची. एकीकडे वीज गेली, बुरशी आली, तरी दुसरीकडे जोडी शिल्लक राहील. न्हावऱ्याच्या फाट्यावर भेटायचो, स्टीलच्या डब्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या नळ्यांची अदलाबदल करायचो आणि भजी खाऊन आपापल्या एसटीनं परत जायचो.

आता थोडं शास्त्र सांगते, त्याशिवाय तिनं माझं काय केलं ते कळायचं नाही. प्रत्येक पेशीत तंतुकणिका असतात, पेशीच्या चुलीच म्हणा. त्यांचा स्वतःचा छोटासा डीएनए असतो. दौंडच्या शेवाळात त्या डीएनएतल्या एका जनुकाच्या मधोमध एक आगंतुक तुकडा बसलेला होता. त्याला इंट्रॉन म्हणतात. निमोण्याच्या शेवाळात त्या जागी काही नव्हतं. हा इंट्रॉन नुसता बसून राहणारा नव्हता. त्याच्यात एक एन्झाइम तयार करायची कृती होती, आणि ते एन्झाइम म्हणजे कात्री. ती डीएनए कापते, पण कुठेही नाही. ज्या जनुकात हा तुकडा नाही, नेमकं त्यालाच त्या जागी कापते. दोन शेवाळांचा संकर केला, दोन पेशी एक झाल्या, की दौंडची कात्री निमोणेचा डीएनए कापते. पेशी बिचारी दुरुस्तीला लागते आणि कसं जोडायचं ते बघायला शेजारची साबूत प्रत समोर धरते. ती प्रत दौंडची, तिच्यात इंट्रॉन आहेच, मग तो इथंही उतरतो. ज्याच्यात तो आधीच आहे त्याला कात्री लागत नाही, कारण कापायची खूण तिथं सलग उरलेलीच नसते.

आम्ही तो संकर केला आणि सगळ्याच्या सगळ्या संततीत इंट्रॉन निघाला. हे बघायची रीत सोपी आहे. त्या जागेच्या भरपूर प्रती काढायच्या, करोनामुळे घराघरांत माहीत झालेलं पीसीआर ते हेच, आणि जेलच्या पातळ वडीवर उमटणारा पट्टा बघायचा. इंट्रॉन असला तर तुकडा मोठा, नसला तर छोटा. शालन जेलकडे बघत म्हणाली, "बघ की शमे, माहेरचं नाव बी राह्यलं न्हाई. समदी सासरच्या वळणाची." दाजी तिला न्यायला आले होते. ते म्हणाले, "तुम्ही तर काय बदलला न्हाई." त्या संततीतलं एक आम्ही ठेवून घेतलं. दिसायला, पोहायला, वाढायला हुबेहूब निमोणे. सूक्ष्मदर्शकातूनही ओळखू येऊ नये. फक्त आत इंट्रॉन. शालननं तिचं नाव ठेवलं लेक. नियमाप्रमाणे लेकही दोघींकडे राहिली.

पुढे मला पीएच.डी.ची मार्गदर्शक व्हायचं होतं. शिरूरसारख्या ठिकाणी राहून, घोड नदीच्या काठावरच्या कॉलेजात हे काम होतं, असं मला दाखवायचं होतं, आणि माझं सगळं काम निमोणेवर उभं होतं. एका उन्हाळ्यात माझ्या निमोणेच्या नळ्यांत बुरशी शिरली. मी घाबरले नाही, जोडी दौंडला होती. न्हावऱ्याला भेटलो. शालननं डबा उघडून एक नळी माझ्या हातात दिली, वर तिच्या अक्षरात निमोणे. म्हणाली, "सुट्टीत वीज गेली व्हती आमच्यात. लेक मेली गं. निमोणे जगली." मी म्हटलं, "लेकीचं काय, माझ्याकडे आहे ती. आई जगली ना, बास." तिनं भज्यांचा कागद माझ्याकडे सरकवला आणि एसटी कधी आहे ते बघायला उठली.

काही महिन्यांनी जेलवर निमोणेचा पट्टा मोठा आला. मला वाटलं, माझं काहीतरी चुकलं. पुन्हा केलं, रसायनं बदलून केलं. मोठाच. संकर नाही, काही नाही, आणि निमोणेत इंट्रॉन? असं खरंच झालं असेल तर ती फार मोठी गोष्ट होती, इंट्रॉननं दोन पेशी एक न होताच उडी मारली होती. मी शालनला फोन केला.

"परत बघ," ती म्हणाली.

"पुन्हा पुन्हा बघितलं गं."

"मग... असंल तसंच."

या शोधावर लेख लिहिताना मी तिचं नाव घालत होते. ती म्हणाली, "नगं. समदं काम तुझं, माझं नाव कशापायी?" आमच्या स्टाफरूममध्ये मी हे सगळ्यांना सांगितलं. नावासाठी लोक भांडतात आणि माझी मैत्रीण बघा, असं म्हटलं. लेख छापून आल्यावर एका संशोधन संस्थेतल्या तरुणानं दोन्ही शेवाळं मागून घेतली. मागितलं की द्यायचं हा आमच्यातला रिवाज, मी आनंदानं पाठवली. त्यानंतर पुण्यातल्या एका परिषदेत मी बोलायला उभी राहिले. शालन खास आली होती, समोरच बसली होती. माझं बोलून झाल्यावर तो तरुण उठला. अगदी अदबीनं बोलला, तेच जास्त लागलं. "मॅडम, मी केंद्रकातला डीएनए वाचून बघितला. तुमच्या निमोणेत निम्मं दौंड आहे. ही मूळची निमोणे नाहीच, संकरातली संतती आहे. नळ्यांची सरमिसळ झालीये तुमच्याकडे." मागे कुणीतरी हसलं. मी शालनकडे बघितलं. ती मान खाली घालून पर्समध्ये काहीतरी शोधत होती.

परत येताना तिनं दौंडची रेल्वे सोडली आणि माझ्याबरोबर शिरूरच्या एसटीत बसली. मला एकटीला सोडवत नाही म्हणाली. शिक्रापूरला गाडी ट्रकांच्या रांगेत अडकली, तेव्हा ती मोसंबी सोलून एकेक फोड माझ्या हातावर ठेवत होती. मी विचारलं, "शालन, तू दिलेल्या नळीतच काही झालं नसेल ना?" ती म्हणाली, "माझ्याकडं लेक कुठं राह्यली व्हती? मेली म्हून सांगितलं न्हवतं व्हय तुला? तुझ्याकडंच कुठं तरी हात गेला असंल. व्हतं गं आसं. मनाला लावून घिऊ नको." म्हणणं बिनतोड होतं. लेक फक्त माझ्याकडे होती, म्हणजे सरमिसळ माझ्याच हातून झाली. मी ती फोड तोंडात टाकली आणि मान्य केलं.

लेख मागे घ्यावा लागला. मार्गदर्शकाची मान्यता आली नाही ती नाहीच. माझ्याकडे काम करणारी हुशार मुलगी दुसरीकडे गेली, तिला तरी काय म्हणणार? कॉलेजात मला कुणी लबाड म्हटलं नाही. वेंधळी म्हटलं. लबाड एक वेळ चाललं असतं, त्यावर भांडता तरी आलं असतं. माझा सगळा तोरा माझ्या हातांचा होता आणि आता मला माझेच हात खरे वाटेनात. सुई एकदा तापवून समाधान होईना. पुन्हा तापवायची, गार करायची, पुन्हा तापवायची. घराचं कुलूप ओढून बघायचे, परत येऊन ओढायचे. उत्तरपत्रिकांच्या बेरजा दुसऱ्यांकडून तपासून घ्यायचे. प्रयोगशाळेतल्या सगळ्या नळ्या मी प्रेशर कुकरमध्ये घालून उकळल्या. फक्त शालननं दिलेली निमोणे ठेवली. ती निमोणे नव्हती हे ठाऊक होतं, तरी माझ्या वेंधळेपणाची आठवण म्हणून घरी खिडकीत ठेवली आणि वर्षानुवर्षं नळ्या बदलत राहिले. प्रत्येक नव्या नळीवर तिचीच जुनी चिठ्ठी काढून चिकटवायचे.

मैत्री होती तशीच राहिली, हे आता आठवलं की अंगावर काटा येतो. दर ईदला ती शिरखुर्म्याला यायची, येताना माहेरची शेवंती आणायची. एका ईदला मी नळी बदलत होते आणि ती दारात उभी राहून बघत होती. मी सुई तापवली, पुन्हा तापवली, पुन्हा. "बास की आता," ती म्हणाली आणि पाणी प्यायला आत निघून गेली. पाणी पिऊन येईपर्यंत बराच वेळ लागला तिला... तेव्हा माझ्या मनात काही आलं नाही.

शेवटची भेट दौंडला तिच्या घरी. आजारानं पार सुकली होती. माझा हात हातात घेऊन उलटा-सुलटा करून बघत होती. "तुझा हात चांगला हाय शमे," म्हणाली. "लय सरळ हाय." मला वाटलं, माया करतेय. मी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आले.

दहाव्याला मी पुन्हा दौंडला गेले, भीमेच्या घाटावर. पिंड ठेवून सगळे सावलीला बसले होते. शालनचा धाकटा भाऊ, ज्याला सगळं निमोणे गाव आप्पा म्हणतं, माझ्याशेजारी येऊन बसला. बहिणीचं कौतुक सांगायला लागला. "शमीमताई, तुमच्या त्या हिरव्या पाण्यापायी लय जीव टाकायची ती. एका उन्हाळ्यात बाटल्या घिऊन आली. म्हणली, हौदातलं पाणी दी. आता हौद कुठला? त्याच साली पाडला आन् प्लास्टिकच्या कागदाचं शेततळं केलं. तितंच धोंड्यावर बसली आन् लागली रडाया. म्हणली, आप्पा, माझी निमोणे मेली रं, लेक तेवढी वाचली. आता शमीला काय तोंड दाऊ?"

मी विचारलं, "कोण मेली म्हणाली?"

"निमोणे. आन् लेक वाचली."

"उलटं नसेल ना, आप्पा?"

"न्हाई, न्हाई. आपल्या गावाचंच नाव हाय न्हवं, म्हून तर ध्यानात राह्यलं."

केसानं गळा कापणं हे मी शंभरदा बोलले असेन, त्या घाटावर ते मला पहिल्यांदा कळलं. शालन, निमोणे मेली असं सांगितलं असतंस तर मी चिडले असते, चार दिवस बोलले नसते, आणि मग दोघी मिळून दुसरा हौद शोधत हिंडलो असतो. तुझ्या माहेरचं पाणी तुझ्या हातून मेलं याची तुला लाज वाटली, म्हणून तू लेकीला आई म्हणून माझ्या डब्यात घातलंस, तेही मी सोडून दिलं असतं. पण मी फोन केला तेव्हा? नाव नको म्हणालीस तेव्हा? मी त्याला मोठेपणा समजले आणि तू स्वतःला अलगद बाजूला काढून घेत होतीस. भर सभेत मी तोंडघशी पडले तेव्हा पर्समध्ये काय शोधत होतीस गं? एक वाक्य पुरलं असतं. तू ते बोलली नाहीस, उलट माझ्या हातावर मोसंबीची फोड ठेवून दोषही ठेवलास, आणि मग इतकी वर्षं माझ्या दारात उभी राहून मला सुई पुन्हा पुन्हा तापवताना बघितलंस. मरताना म्हणालीस, हात चांगला आहे. तेही अर्धंच.

आम्ही दोघींनी मिळून मुलांना शिकवलं होतं की कात्री त्यालाच लागते ज्याच्याकडे त्या जागी काहीच नसतं. माझ्याकडे तिच्याबद्दल संशय नावाची गोष्ट कधी नव्हती.

गेल्या आठवड्यात दाजी शिरूरला आले. तिच्या नळ्यांचं लाकडी स्टँड घेऊन आले होते, एसटीत मांडीवर धरून. "तुमच्याशिवाय ह्याचं कोण बघणार?" म्हणाले. मला गप्प राहवलं नाही, सगळं सांगितलं. हा लेख लिहितेय तेही सांगितलं, छापू का म्हणून विचारलं. त्यांनी स्टँड मांडीवरून खाली ठेवलं. "मला ह्यातलं ठाऊक न्हवतं," म्हणाले. मग चहा न पिताच उठले आणि दारात चपला घालताना म्हणाले, "छापा."

ते गेल्यावर मी स्टँड खिडकीत माझ्या नळीशेजारी ठेवलं. तिच्या नळ्या नीट लावलेल्या होत्या. अंथरुणाला खिळायच्या आधी तिनंच बदलल्या असणार, रेघा अजून कोवळ्या हिरव्या होत्या. दौंड होती. तिच्या शेजारी एक नळी, ठसठशीत अक्षरात: लेक. माझ्या नळीत जी आहे तीच. निमोणे त्या स्टँडमध्ये कुठेच नव्हती. म्हणजे तिच्या स्वतःच्या प्रयोगशाळेत लेक लेकच राहिली होती, सगळ्यांदेखत, एवढी वर्षं. निमोणे हे नाव तिनं फक्त माझ्या नळीवर लिहिलं होतं.

आज नळ्या बदलायचा दिवस होता. स्पिरिटचा दिवा लावला. माझ्या नळीवरची चिठ्ठी भिजवून सोलून काढली आणि नव्या नळीवर माझ्या अक्षरात लेक असं लिहिलं. सुई तापवली, लाल झाली, बाहेर काढली. हात पुन्हा ज्योतीकडे गेला नाही. तोंडात सवयीनं थांबे आले... शिरूर, न्हावरा, चौफुला, पाटस. दौंड मी म्हटलं नाही. सुई एकदाच तापवली आणि हिरव्याला टेकवली.